सालबाई ते वसई : वीस वर्षांत काय बिघडले?

आपल्याकडे चार मराठी घरची माणसे जमली आणि मराठ्यांच्या इतिहासाची गोष्ट निघाली की तिचा शेवट बहुधा एकाच वाक्यावर होतो. "सगळे एक झाले असते तर इंग्रजांची काय बिशाद होती?" त्यापुढचे वाक्य मात्र गावानुसार बदलते. ग्वाल्हेरात बोट होळकरांकडे जाते, इंदूरला शिंद्यांकडे जाते, आणि दोन्हीकडची मंडळी एकत्र असली की बडोद्याच्या गायकवाडांकडे जाते. दुसऱ्या बाजीरावाला तर कोणीच सोडत नाही. 'फितुरी' हा शब्द एकदा उच्चारला की विषय संपतो आणि चहा येतो.

या लेखात मला त्या शब्दाच्या थोडे मागे जायचे आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून राज्य शासनाच्या नोकरीत लागलेला आणि उरलेल्या वेळात इतिहास वाचणारा माणूस आहे. मुलीला बी.ए.ला 'आंतरराष्ट्रीय संबंधांचे सिद्धान्त' हा विषय होता. तिची पुस्तके मी चाळली आणि मग नीट वाचून काढली. त्यांत उदाहरणे होती अथेन्स आणि स्पार्टाची, जर्मनी आणि फ्रान्सची, अमेरिका आणि रशियाची. वाचता वाचता सारखे वाटत होते की हेच प्रश्न पुणे, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदा यांना लावून पाहिले तर? अठराव्या शतकाच्या शेवटी ही सगळी ठिकाणे स्वतःच्या फौजा बाळगून होती, एकमेकांच्या दरबारात वकील ठेवत होती, तह करत होती आणि मोडत होती. सिद्धान्त तपासायला याहून चांगले उदाहरण आपल्यासाठी कोणते असणार?

आधी सिद्धान्त काय म्हणतात ते

या विषयात प्रमुख विचार तीन. पहिला वास्तववाद. त्याचे म्हणणे साधे आहे: राज्यांच्या डोक्यावर दाद मागायला कोणी मोठा न्यायाधीश नाही, म्हणून प्रत्येकाने आपले रक्षण आपणच करायचे. हान्स मॉर्गेन्थाऊ यांनी १९४८ मध्ये आणि केनेथ वॉल्ट्झ यांनी १९७९ मध्ये हा विचार पुस्तकरूपाने पक्का केला. एखादे राज्य फार बलवान होऊ लागले की बाकीचे एकत्र येऊन त्याला अडवतात, याला सत्तासंतुलन म्हणतात. स्टीफन वॉल्ट यांनी १९८७ मध्ये त्यात एक दुरुस्ती सुचवली. राज्ये नुसत्या बलाढ्याविरुद्ध एकत्र येत नाहीत, ज्याचा धोका वाटतो त्याच्याविरुद्ध येतात. आणि धोका ठरवताना तो किती जवळ आहे, त्याची चढाईची ताकद किती आणि त्याचा इरादा काय दिसतो, हे पाहतात.

दुसरा विचार उदारमतवादाचा. इमॅन्युएल कांट यांनी १७९५ मध्ये चिरस्थायी शांततेवर निबंध लिहिला, तिथपर्यंत त्याचे मूळ जाते. करार, व्यापार, सामाईक संस्था यांच्यामुळे राज्यांना एकमेकांवर भरवसा ठेवता येतो, असे हा विचार मानतो. तिसरा रचनावाद, जो अलेक्झांडर वेंट यांच्या १९९२ च्या लेखामुळे गाजला. त्याचे म्हणणे असे की शत्रू कोण, मित्र कोण, तह म्हणजे काय, हे अर्थ आधीपासून ठरलेले नसतात; एकमेकांशी वागता वागता ते घडतात.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मंडल सिद्धान्त आहे: लगतचा शेजारी तो शत्रू आणि त्याच्या पलीकडचा तो मित्र. संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय आणि द्वैधीभाव ही सहा धोरणेही तिथे सांगितली आहेत. तह, युद्ध, स्वस्थ बसणे, चढाईची तयारी, बलवानाचा आसरा, आणि एकाशी तह करून दुसऱ्याशी लढणे, असा त्यांचा ढोबळ अर्थ. हा ग्रंथ मात्र बराच काळ हरवल्यासारखा होता. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी तो १९०९ मध्ये छापला, म्हणजे नाना फडणीस वारल्यावर १०९ वर्षांनी.

१७८० : चौघांची मोट

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. रघुनाथरावाच्या विरुद्ध बारभाईंचे कारभारी मंडळ उभे राहिले आणि रघुनाथराव मुंबईकर इंग्रजांकडे गेला. मार्च १७७५ मध्ये सुरतेला त्याने तह केला आणि पहिले इंग्रज-मराठा युद्ध सुरू झाले. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे इंग्रजांची फौज कोंडली गेली आणि तिला शरण यावे लागले. पण कलकत्त्याचा वॉरन हेस्टिंग्ज याने तो करार मानला नाही आणि लढाई चालूच राहिली.

१७८० च्या सुरुवातीला नानांनी जे जुळवले ते सत्तासंतुलनाच्या पुस्तकात धड्यासारखे घालता येईल. म्हैसूरचा हैदर अली, हैदराबादचा निजाम, नागपूरचे मुधोजी भोसले आणि पुणे अशी चौघांची मोट त्यांनी बांधली. हैदरने मद्रासकडे, निजामाने उत्तर सरकारांकडे आणि भोसल्यांनी बंगालकडे जायचे, आणि पेशव्यांच्या फौजांनी गुजरात व कोकण सांभाळायचे, अशी योजना होती. हैदर आणि पुणे हे काही जुने स्नेही नव्हेत. थोरल्या माधवरावांनी त्याच्यावर स्वारीवर स्वारी केली होती. तरी कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख त्याच्याकडे राहू देण्याचे नानांनी मान्य केले. जवळचा जुना शत्रू परवडला, पण तिन्ही समुद्रकाठांवरून आत येणारा नवा शत्रू परवडणार नाही, असा तो हिशेब होता.

या मोटेत किती दम होता? निजामाला हेस्टिंग्जने गुंटूर परत देऊन थंड केले. भोसल्यांची फौज कटकपर्यंत गेली आणि पैसा व बोलाचाली यांत तिथेच अडकली. म्हणजे चौघांपैकी दोघे लवकरच सुटले. हैदर मात्र जुलै १७८० मध्ये कर्नाटकात उतरला आणि १० सप्टेंबरला पोळिलूर येथे त्याच्या फौजेने बेलीची तुकडी नामशेष केली. इकडे पुण्याच्या रोखाने निघालेल्या गॉडार्डला १७८१ मध्ये हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन आणि तुकोजी होळकर यांनी बोरघाटातून मागे फिरवले. ऑगस्ट १७८० मध्ये पॉपमने आपला ग्वाल्हेरचा किल्ला घेतला होता, म्हणून महादजी शिंदे माळव्यात इंग्रजांशी झुंजत होते. अर्धीच मोट टिकली, पण इंग्रजांना तहावर आणायला तेवढी पुरली.

गायकवाड त्या वेळीही पुण्याबरोबर नव्हते. १७८० च्या जानेवारीतच फत्तेसिंगराव गायकवाडांनी गॉडार्डशी करार केला होता. याला फितुरी म्हणण्याआधी बडोद्याच्या गादीवर बसून नकाशा पाहावा. दमाजी गायकवाडांना १७५१ मध्ये पेशव्यांनी कैद केले होते आणि अर्धा गुजरात घेऊनच सोडले होते. पुढे गादीच्या भांडणात फत्तेसिंग की गोविंदराव, हा निवाडा पुण्याच्या हाती होता आणि तो अनेकदा फिरला. बडोद्याला जवळचा धोका पुण्याचा वाटत होता. शिवाय गॉडार्डची फौज गुजरातेतच उभी होती. वॉल्ट यांचे सूत्र इथे अक्षरशः लागू पडते.

सालबाई : जामीनदार असलेला तह

ग्वाल्हेरच्या दक्षिणेला सालबाई नावाचे गाव आहे. १७ मे १७८२ रोजी तिथे महादजींच्या छावणीत इंग्रजांचा वकील डेव्हिड अँडरसन याने तहावर सही केली. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पुरंदरच्या तहानंतर घेतलेला मुलूख त्यांनी परत द्यायचा ठरले, रघुनाथरावाला महिना २५,००० रुपये नेमणूक मिळाली आणि इंग्रजांनी त्याचा पक्ष सोडला. नानांनी मान्यता द्यायला मुद्दाम वेळ घेतला. हैदर जिवंत आणि लढत होता तोवर त्याला वाऱ्यावर सोडायचे की नाही, हा हुकमाचा पत्ता हातात ठेवायचा होता. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदर वारला आणि त्याच महिन्यात पुण्याची मान्यता आली.

या तहात महादजी दोन्ही बाजूंचे जामीनदार झाले होते. पेशव्याने तह मोडला तर त्याला, आणि इंग्रजांनी मोडला तर त्यांना, वाटेवर आणण्याची जबाबदारी त्यांची. उदारमतवादी ज्याला संस्था म्हणतात ती इथे एका माणसाच्या रूपाने उभी होती. पुणे आणि कंपनी यांच्यात पुढे वीस वर्षे युद्ध झाले नाही. या वीस वर्षांत महादजींनी १७८३ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला परत घेतला, १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलकीचा मान मिळवला आणि द बॉइनकडून कवायती फौज तयार करून घेतली.

पण कागदाच्या मागे माणूस असला तर माणूस गेल्यावर कागद पोरका होतो. महादजी १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला वारले. त्यांच्या जागी दोन्हीकडून मानला जाईल असा जामीनदार पुन्हा झाला नाही.

खर्ड्याचा विजय आणि त्याची किंमत

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला निजामाचा पराभव झाला. पेशव्याच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे शेवटचे एकत्र आले ते इथे. आपण या विजयाचे वर्णन अभिमानाने करतो, आणि करावेच. पण पुढे काय झाले तेही पाहायला हवे.

निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोर तटस्थ राहिला. पराभवानंतर निजामाला मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि मोठी खंडणी कबूल करावी लागली. त्याने आधी रेमाँ या फ्रेंच सरदाराच्या पलटणी वाढवल्या. मग १७९८ मध्ये वेलस्ली गव्हर्नर जनरल होऊन आल्यावर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तैनाती फौजेचा तह केला आणि फ्रेंच पलटणी मोडून टाकल्या. कौटिल्याच्या भाषेत हा संश्रय. आजच्या पुस्तकांत याला बलवानाच्या गाडीत बसणे म्हणतात. हैदराबादला पुण्याचा धोका कलकत्त्याहून जवळचा वाटला. शेजाऱ्याला आपण जितका जोराचा धक्का देतो तितका तो दुसऱ्या कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडतो. आपल्या सर्वांत मोठ्या एकजुटीच्या विजयाने इंग्रजांना त्यांचा पहिला मोठा तैनाती मित्र मिळवून दिला, हे मान्य करायला जड जाते, पण घटनांचा क्रम तसाच आहे.

त्यापुढचा मोहराही असाच पडला. १७९० मध्ये पुणे, हैदराबाद आणि इंग्रज एकत्र येऊन टिपूवर गेले होते, कारण त्या वेळी दोघांनाही टिपू जवळचा होता. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले. ४ मे १७९९ रोजी टिपू पडला आणि दक्षिणेत इंग्रजांना तोलून धरणारे दुसरे पारडे राहिलेच नाही. १३ मार्च १८०० रोजी नानाही गेले.

१८०२ : जवळचे भय आणि दूरचे भय

आता वादाच्या ठिकाणी येऊ. इंदूरकर म्हणतात, शिंद्यांनी होळकरांचे घर बुडवले. त्यात तथ्य आहे. तुकोजी होळकर ऑगस्ट १७९७ मध्ये वारले आणि पुढच्याच महिन्यात पुण्यात दौलतराव शिंद्यांच्या फौजेने मल्हारराव होळकराला ठार केले. मल्हाररावाचा तान्हा मुलगा खंडेराव शिंद्यांच्या ताब्यात गेला. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने पुण्यात विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी शिंद्यांचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी इंदूर लुटले. ग्वाल्हेरकर म्हणतात, यशवंतराव होळकर ऐन वेळी बाजूला राहिले. त्यातही तथ्य आहे. पण वरची चार वर्षे ज्याच्या घरावर गेली, त्याला १८०३ मध्ये जवळचा धोका कोणाचा वाटणार?

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतरावांनी हडपसरजवळ शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव कोकणात पळाला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईला पोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तह केला. किमान ६,००० पायदळाची तैनाती फौज, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रजांची मध्यस्थी, आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणाशी बोलणे नाही, अशी त्याची कलमे होती. पेशवाई वाचवण्यासाठी पेशवाईचा अर्थच देऊन टाकला. त्या दोन महिन्यांत बाजीरावाच्या डोळ्यांपुढे होळकर होता, कलकत्ता फार दूर होते.

बडोद्यातही त्याच वर्षी तेच घडले. सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव गायकवाड वारले. आनंदराव गादीवर आले, पण भाऊ कान्होजी आणि कडीचे मल्हारराव यांनी दावे मांडले, आणि थकलेल्या पगारासाठी अरब शिबंदी अडून बसली. कारभारी रावजी आपाजी यांनी मुंबईची मदत मागितली. १८०२ मध्येच कंपनीशी करार झाले आणि मेजर वॉकर रेसिडेंट म्हणून बसला.

म्हणजे बाजीराव, यशवंतराव, गायकवाड या तिघांनी वेगवेगळे निर्णय घेतले, पण तिघांचे तर्कशास्त्र एक होते. प्रत्येकाने आपल्या दारातल्या भयाला तोंड दिले. प्रत्येकाचा हिशेब स्वतःपुरता बरोबर होता आणि सगळ्यांची बेरीज सर्वनाशाची झाली. पुस्तकातला सत्तासंतुलनाचा नियम वाचताना तो आपोआप चालतो असे वाटते. तो आपोआप चालत नाही. १७८० मध्ये नाना होते, देण्याघेण्याचा अधिकार असलेले पुणे होते, आणि शब्द देणारा महादजींसारखा सरदार होता. १८०३ मध्ये यांतले काहीही नव्हते.

आधी मागे कोण हटणार?

वसईनंतर दौलतराव शिंदे आणि रघुजी भोसले यांच्या फौजा निजामाच्या सरहद्दीजवळ उभ्या होत्या आणि समोर आर्थर वेलस्लीची फौज. इंग्रजांचे म्हणणे, तुम्ही आधी हटा. शिंदे-भोसल्यांचे उत्तर असे की इंग्रजी फौजांनी आपापल्या ठाण्यांवर परत जावे, आम्हीही बऱ्हाणपुराकडे जातो. जॉन हर्झ यांनी १९५० मध्ये ज्याला सुरक्षेचा पेच म्हटले तो हाच. एकाने बचावासाठी केलेली तयारी दुसऱ्याला चढाई वाटते आणि दोघेही अडकतात.

पण इथे सिद्धान्ताला थोडे थांबवायला हवे. गव्हर्नर जनरल वेलस्लीला शिंद्यांच्या कवायती पलटणी मोडायच्याच होत्या. सगळा पेच गैरसमजाचा नव्हता. ऑगस्ट १८०३ मध्ये रेसिडेंट कॉलिन्सने शिंद्यांची छावणी सोडली, १२ ऑगस्टला अहमदनगर पडले, ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई झाली, २३ सप्टेंबरला असई, १ नोव्हेंबरला लासवारी, २९ नोव्हेंबरला अडगाव. भोसल्यांनी १७ डिसेंबरला देवगावला आणि शिंद्यांनी ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला तह केला. पाच महिन्यांत खेळ आटोपला.

चार महिन्यांनी, एप्रिल १८०४ मध्ये, यशवंतरावांशी युद्ध पेटले. त्यांनी कर्नल मॉन्सनची दाणादाण उडवली आणि भरतपूरच्या तटाखाली जनरल लेकचे हल्ले फसले. एकटा होळकर एवढे करू शकला. १८०३ च्या सप्टेंबरात तो शिंद्यांच्या शेजारी उभा असता तर काय झाले असते, हा प्रश्न मनातून जात नाही. पण तो विचारताना खंडेराव आणि विठोजी यांची आठवण ठेवावी लागते.

तह या शब्दाचे दोन अर्थ

रचनावादाचा मुद्दा मला सर्वांत उशिरा समजला आणि सर्वांत पटला. आपल्या सरदारांमध्ये लढाया खूप झाल्या, पण त्यांना एक मर्यादा होती. हरलेल्या सरदाराची दौलत सहसा पुरती बुडवत नसत. दंड घेत, मुलूख कमी करत, आणि पुन्हा वस्त्रे देत. हडपसर जिंकल्यावरही यशवंतरावांनी स्वतः पेशवा होण्याचा विचार केला नाही. अमृतरावाच्या मुलाला पुढे केले. छत्रपती, पेशवा, सरदार ही चौकट सगळ्यांच्या डोक्यात होती. या जगात तह म्हणजे पुढच्या हंगामापर्यंतची व्यवस्था होती.

कंपनीच्या जगात तह म्हणजे खातेवहीतली कायमची नोंद होती. एकदा दिलेला मुलूख, एकदा ठेवलेली फौज, एकदा बसवलेला रेसिडेंट परत जात नसे. बाजीरावाने वसईला जुन्या अर्थाने सही केली आणि इंग्रजांनी ती नव्या अर्थाने घेतली. हा फरक आपल्याकडे कोणाला कळलाच नव्हता असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे वसईच्या सुमारे ८५ वर्षे आधी, टोपीकरांविषयी बजावून ठेवले आहे की हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत आणि यांना किनाऱ्यावर पक्की जागा देऊ नये. शहाणपण लिहून ठेवलेले होते. ते वापरणारे एक मध्यवर्ती ठिकाण उरले नव्हते.

सिद्धान्तांतून निसटणारी गोष्ट

वॉल्ट्झ म्हणतात, राज्याच्या आत काय चालते ते बाजूला ठेवून राज्याराज्यांतले बळ पाहा. आपल्या उदाहरणात हे चालत नाही. इंग्रज आत आले ते क्षण मोजून पाहा. १७७५ साली सुरत, कारण नारायणरावानंतर गादी कोणाची. १८०२ साली बडोदा, कारण गोविंदरावानंतर गादी कोणाची. त्याच साली वसई, आणि तिच्या मुळाशी २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव निपुत्रिक वारल्यावर पडलेला वारशाचा गोंधळ. किल्ल्याचा तट फोडावा लागला त्यापेक्षा जास्त वेळा दार आतून उघडले गेले, आणि ते उघडणारा प्रत्येक जण घरचाच हक्कदार होता. वारसा ठरवण्याची सर्वमान्य रीत नसणे हीच आपली सर्वांत मोठी लष्करी दुर्बलता होती.

आज याचा उपयोग काय?

जुलै १९७१ मध्ये हेन्री किसिंजर गुपचूप चीनला जाऊन आले आणि अमेरिका, चीन, पाकिस्तान अशी साखळी दिसू लागली. ९ ऑगस्ट १९७१ रोजी भारताने सोव्हिएत संघाशी मैत्रीचा करार केला. अलिप्ततेचे धोरण न सोडता जवळच्या धोक्यासाठी दूरचे वजन आपल्या पारड्यात टाकले. नानांना हा डाव लगेच समजला असता.

फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठे आक्रमण केले. अनेक दशके कोणत्याही लष्करी गटात नसलेले फिनलंड एप्रिल २०२३ मध्ये आणि स्वीडन मार्च २०२४ मध्ये नाटोत गेले. खर्ड्यानंतर निजामाने जे केले तेच हे.

आणि आपल्या शेजारची छोटी राज्ये कधी आपल्याकडे, कधी चीनकडे झुकतात तेव्हा आपल्याला राग येतो. श्रीलंकेने २०१७ मध्ये हंबनटोटा बंदर चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले तेव्हाही आला. त्या रागात एकदा बडोद्याच्या गादीवरून पुण्याकडे पाहून यावे. मोठ्या शेजाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो, लहानाला त्याचा आकार आधी दिसतो. शेजाऱ्यांना धाकात ठेवणे सोपे असते. त्यांना आपला धाक वाटू न देता आपल्याबरोबर ठेवणे अवघड असते आणि खरे राजकारण तेच.

आपल्यासाठी याचा आणखी एक उपयोग आहे. आपण ज्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहतो ती गावे याच घडामोडींनी घडवली. ग्वाल्हेरचे लष्कर हे नावच दौलतरावांच्या छावणीवरून पडले. महिदपूरची लढाई डिसेंबर १८१७ मध्ये हरल्यावर आणि मंदसोरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाली. आपले पूर्वज कोणाच्या फौजेत, कोणाच्या दप्तरात, कोणाच्या पागेत होते म्हणून आपण इथे आहोत. त्या घराण्यांचे जुने हेवेदावे आपण वारशाने बोलत राहतो, आणि इकडे ग्वाल्हेरच्या मुली इंदूरला आणि इंदूरच्या बडोद्याला सुखाने नांदताहेत.

म्हणून पुढच्या वेळी या गोष्टी निघाल्या की 'फितुरी' म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. त्या दिवशी त्या माणसाला सर्वांत जवळचे भय कोणाचे होते? त्याला दिलेल्या शब्दाला जामीन कोण होता? आणि त्याच्या स्वतःच्या घरात वारशाचे भांडण होते का? उत्तरे मिळाल्यावरही कोणी दोषी ठरेल, बाजीराव तर नक्कीच ठरेल. पण शिंदे, होळकर, गायकवाड हे आपल्याला एकाच कोंडीत सापडलेले तिघे दिसतील. आपल्या मुलांना ही गोष्ट सांगायची असेल तर एका गावाची बाजू घेऊन सांगू नये. तिन्ही गावांची मिळून एकच सांगावी.